परत आलेलं वाण

मित्रांनो, आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर, रिकाम्या डालड्याच्या डब्यामागे, टाचा उंचावून पाहिलंत तर एक पितळी मोर दिसेल. त्याची चोच तुटलेली आहे. तो मोर माझ्या डोक्यावर बसलेला आहे आणि मी चकलांब्याच्या बायनाबाईंच्या घरचा हळदी-कुंकवाचा जुना करंडा आहे. एके काळी सणावाराला माझ्यावाचून या घराचं पान हलत नसे. म्हाताऱ्या भांड्याची बढाई म्हणा हवं तर, पण एवढी मला मारू द्या. पुढे जे सांगायचं आहे त्यात मिरवण्याजोगं फारसं काही नाही.

एका तांबटाने मला ओतलं आणि कानशीने घासून गुळगुळीत केलं. खाली चौकोनी बैठक, तिच्यावर दोन वाट्या, एक हळदीची आणि एक कुंकवाची, वाट्यांवर फिरती झाकणं आणि मधल्या दांडीवर मोर. बायनाबाईंच्या सासूबाईंनी मला पैठणच्या बाजारातून आणलं. पुढे त्यांनी मला बायनाबाईंच्या हातात दिलं आणि बायनाबाईंनी मला साऱ्या गावात फिरवलं. कुणाचं डोहाळजेवण असो, कुणाचं बारसं असो, मागायला माणूस यायचा. "बायनाबाईचा करंडा आल्याबिगर हळदी-कुकू सुरू व्हत न्हाई," असं बायका म्हणायच्या, आणि ते ऐकून मी वाटीच्या तळापर्यंत सुखावायचो.

चोच तुटली तीही अशाच एका बारशाला. गर्दीत धक्का लागला आणि मी ओट्यावरून खाली गेलो. यजमानीण रडवेली झाली. बायनाबाईंनी मला पदराने पुसलं आणि हसून म्हणाल्या, "बरं झालं की बाई! चोच गेली, आता ह्यो मोर चुगल्या करायचा न्हाई." सगळ्या हसल्या. इतकी वर्षं मी त्यांचा शब्द पाळला. आज तुमच्यापाशी तोंड उघडतो आहे, ते राहवत नाही म्हणून.

बायनाबाईंच्या बरोबरीने, एकाच साली लग्न होऊन, शेजारच्या घरात चंद्रभागाबाई आल्या होत्या. दोघी पाण्याला एकत्र, वेचणीला एकत्र. संक्रांतीला माझ्या वाटीत पहिलं बोट बुडायचं ते चंद्रभागाबाईंच्या कपाळासाठी. मग त्यांचा नवरा गेला. त्यांनी शेळ्या पाळल्या, पोरं वाढवली, आणि संक्रांतीला त्या यायच्या त्या ओट्याच्या पायरीवर बसायला. आतून त्यांना तिळगूळ जायचा, चहा जायचा. मी मात्र त्यांच्या समोरून पुढे नेला जायचो. वाणही त्यांना नसायचं. हे कुणी ठरवलं मला ठाऊक नाही. करंड्याला कोणी विचारत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी बायनाबाईंचा मुलगा शिवशंकर याचं लग्न झालं आणि गेवराईची सत्यभामा सून म्हणून घरात आली. शिवशंकर दुधाची गाडी चालवतो, त्याचे वडील बहुतेक शेतातल्या वस्तीवरच असतात. सत्यभामा बारावी शिकलेली, हाताला चपळ, बोलायला गोड, आणि मनातून फार घाबरलेली. बायनाबाईंच्या सुनेला गाव बायनाबाईंच्याच मापाने मोजणार हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी मला तिच्या हातात ठेवलं. "आता तुझं हाय," एवढंच म्हणाल्या. तिच्या हातात माझी झाकणं वाजली.

त्या संक्रांतीला तिने वाण म्हणून चहाच्या गाळण्या वाटल्या. तुमच्या घरी वाण लुटतात की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगतो. हळदी-कुंकवाला आलेल्या प्रत्येक सवाष्णीला घरची बाई काहीतरी वस्तू देते. कंगवा, वाटी, आरसा, काहीही. देणारीने हौसेने द्यायचं आणि घेणारीने पदर पुढे करून घ्यायचं. वाणाला नको म्हणत नाहीत. ते अशुभ मानतात. तर गाळण्या सगळ्यांनी घेतल्या, पण दारातून बाहेर पडताना शेजारची वनमाला दुसरीला म्हणाली, "माझ्या घरी ह्या धरून चार गाळण्या झाल्या बघ. आता चहा कुठून आनावा?" ती चेष्टेनेच म्हणाली. वनमाला मनाने वाईट नाही. पण सत्यभामाने ते ऐकलं आणि रात्री भाकरी ताटात तशीच ठेवून ती उठली. तिला या बायांमध्ये एक जागा हवी होती. बायनाबाईंची सून म्हणून मिळालेली नको, स्वतःची हवी होती. पुढच्या वेळी असं वाण द्यायचं की बाया जन्मभर नाव काढतील, असं तिने मनाशी धरलं.

मागच्या वर्षीच्या संक्रांतीआधीची गोष्ट. कापसाची वेचणी संपत आली होती. बायांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. दुपारी सत्यभामा मला घासायला बसली होती आणि मोबाइल शेजारी ठेवला होता. त्यावर एक जाहिरात आली. ती मोठ्याने वाचू लागली, म्हणून मलाही ती पाठ झाली. "महिलांसाठी सुवर्णसंधी. घरबसल्या पेन्सिल पॅकिंग. शिक्षणाची अट नाही. माल घरपोच मिळेल, तयार माल घरून नेला जाईल. दरमहा भरघोस पगार. जागा थोड्याच शिल्लक, आजच संपर्क करा." खाली एका हसऱ्या बाईचा फोटो होता. तिच्यासमोर रंगीत पेन्सिलींचा ढीग होता.

चिंचेचा कोळ माझ्या अंगावर तसाच वाळत राहिला. सत्यभामाने तिथल्या तिथे निरोप टाकला आणि लगेच उत्तर आलं. पलीकडे कुणी एक मॅडम होत्या. त्या 'ताई, ताई' करत फार गोड बोलायच्या. पण फोन लावला की उचलायच्या नाहीत. नुसते लेखी निरोप पाठवायच्या, नाहीतर आवाज भरून धाडायच्या. त्या म्हणाल्या, "ताई, एकट्या-दुकट्याला माल पाठवणं परवडत नाही. तुमच्या गावात महिलांचा ग्रुप करा, मग कंपनीची गाडीच येईल. तुम्ही ग्रुपच्या प्रमुख." प्रमुख हा शब्द सत्यभामाने दोनदा ऐकला. मग तिसऱ्यांदाही ऐकला.

शिवशंकरने संध्याकाळी विचारलं, "कंपनी हाय कुठं? पत्ता काय?"

"आवो, हे बघा की, कागद पाठिवलाय त्यांनी."

त्याने मोबाइल दिव्याजवळ नेला. कागदावर तीन सिंहांचं चित्र होतं, खाली सही होती आणि निळा गोल शिक्का होता. "शिक्का लई मोठा हाय," तो म्हणाला, आणि त्याची शंका तिथंच मिटली. पत्त्याचं मात्र राहूनच गेलं.

बायनाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी सुनेला एवढंच विचारलं, "सावलीत बसून काम हाय का?"

"व्हय आत्याबाई. घरातच. भिताडाला टेकून बसायचं अन् डबीत पेन्सिली भरायच्या."

"मंग बायाला सांग. उन्हात लई जळल्या त्या."

मित्रांनो, या घरात लोभ नव्हता हो. हावरटपणाने लोक फसतात असं तुम्ही ऐकलं असेल. मी मात्र डोळ्यांनी पाहिलं ते असं, की दोन बायका दुसऱ्यांच्या चिरलेल्या बोटांचा विचार करत होत्या.

संक्रांत आली. सत्यभामाने काळी साडी नेसली, पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि मला मधोमध ठेवलं. मी इतका चकाकत होतो की येणारी प्रत्येक बाई आधी माझ्यात तोंड बघायची. हळदी-कुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि मग सत्यभामाने वाण काढलं. प्रत्येकीच्या पदरात तिने एक-एक नवी कोरी पेन्सिल घातली. टोक न केलेली, लाल रंगाची.

बाया बुचकळ्यात पडल्या. वनमाला म्हणाली, "अगं, आता आमी काय शाळंत जायाचं का?"

"शाळंत न्हाई, नौकरीला," सत्यभामा म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की मी तो विसरणार नाही. "ही पेन्सिल म्हंजे काम हाय. यंदा मी तुमाला कामाचं वाण देते." आणि मग तिने सगळं सांगितलं. गाडी येणार, माल येणार, सावलीतलं काम आणि महिन्याचा पगार. फक्त नाव नोंदवायचं, आधार कार्डाचा आणि पासबुकाचा फोटो द्यायचा, आणि नोंदणीची रक्कम भरायची. ती पहिल्या पगारात परत मिळेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

एकीने दुसरीकडे पाहिलं. हा सौदा बाजारात कुणी सांगितला असता तर याच बायांनी त्याला उभा-आडवा घेतला असता. मेथीच्या जुडीसाठी गाडीवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या बाया या! पण इथे कपाळावर ताजं कुंकू होतं, समोर बायनाबाई बसल्या होत्या आणि पदरात वाण पडलेलं होतं. वनमालाने काही विचारायला तोंड उघडलं. मी पाहिलं ते. मग तिने पेन्सिल कपाळाला लावली आणि पदराच्या टोकात बांधली. तिच्यामागून सगळ्यांनी तसंच केलं.

प्रश्न आला तो बाहेरून. पायरीवरून चंद्रभागाबाईंनी विचारलं, "काम देनाराच पैसं मागतोय, ते कावून बाई?"

त्यांच्या पदरात पेन्सिल नव्हती. त्या एकट्याच मोकळ्या होत्या विचारायला.

"मावशी, ते कंपनीचं आसतंय तसं," सत्यभामा म्हणाली.

"आन् कंपनी कोन्या गावची? माझी शेळी घ्यायला येनारा बी आधी गाव सांगतो, मंग दावं धरतो."

आतून कुणीतरी म्हणालं, "मावशीला शेळ्याबिगर काय दिसत न्हाई!" हशा पिकला. बायनाबाईसुद्धा हसल्या. चंद्रभागाबाईंनी चहाची बशी पायरीवर पालथी घातली आणि शेळ्या सोडायची वेळ झाली म्हणून उठून गेल्या.

ओळखपत्रासाठी मॅडमना फोटो पाठवायचे होते. सत्यभामाने एकेकीला भिंतीशी उभं करून मोबाइलवर फोटो काढले. ओळखपत्राचं नुसतं नाव ऐकूनच बाया लाजत होत्या, डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या. सगळ्यांत शेवटी बायनाबाईंचा फोटो निघाला. काळी इरकल, रुपयाएवढं कुंकू आणि ओंजळीत मी. "करंडा धरूनच काढ," त्या म्हणाल्या, "त्यो बी घरचाच हाय." त्या फोटोत त्या जितक्या मनापासून हसल्या आहेत तितक्या मी त्यांना पुन्हा हसताना पाहिलं नाही.

त्यानंतर घर वाट पाहू लागलं. पेन्सिलींची पोती ठेवायला बायनाबाईंनी आपली बाज पडवीत हलवली. सत्यभामाने पुढची खोली सारवली. गाडी निघाली असा निरोप आला. मग गाडी वाटेत अडकली, थोडी रक्कम पाठवा, असा निरोप आला. मग मालाचा विमा, मग आणखी काही. बायांनी घरातलं कुठलं-कुठलं साठवलेलं आणून दिलं आणि सत्यभामाने ते पुढे पाठवलं. रोज कुणीतरी ओट्याशी थांबून हळूच विचारायचं, "काय, आली का गं गाडी?" एक दिवस मॅडमचा निरोप येईनासा झाला. मग तो नंबरच बंद झाला. सारवलेल्या खोलीत कोंबड्या फिरू लागल्या आणि बायनाबाईंची बाज पुन्हा आत आली.

मला वाटलं होतं, आता भांडणं होतील. भांडणं झाली असती तर बरं झालं असतं. पण वाण देणारीशी भांडत नाहीत. बाया गप्प झाल्या. गिरणीवर सत्यभामा गेली की बोलणं थांबायचं. कुणी तिला शिवी दिली नाही आणि कुणी तिला हाकही मारली नाही. शिवशंकर म्हणाला, "पोलिसात जाऊ." ती म्हणाली, "समद्यायची नावं निघतील. त्यायच्या घरी कळंल." काही जणींनी नवऱ्याला सांगितलेलंच नव्हतं. त्यांच्यासाठी ही गप्प राहिली, आणि त्या गप्पपणात पुष्कळ दिवस वाया गेले.

मग उमापूरहून फोन आला. बायनाबाईंच्या भावाची मुलगी योगिता. सत्यभामाने मोबाइलचा आवाज मोठा करून सासूबाईंच्या हातात दिला. मी भिंतीतल्या देवळीतून ऐकत होतो.

"आत्या, लई भारी दिसायलीस गं तू! करंडा बी मस्त आलाय."

"कशात दिसायले, माय?"

"आगं, जाहिरातीत! मोबाइलवर आलाय की तुझा फोटो. पेन्सिलीच्या कामाचा. आधी मला वाटलं, खोटं आसंल. पन तुझं तोंड बघितलं अन् म्हनलं, आत्या कशी खोटं बोलंल? मी भरलं बघ माझं नाव. माझ्या दोन मैत्रिनीयचं बी भरलं. काम कसं हाय गं?"

बायनाबाईंनी मोबाइल सुनेकडे दिला. सत्यभामाने योगिताला सगळं सांगितलं आणि पलीकडे पोरगी रडायला लागली. तिने पुढच्या शिक्षणासाठी आईने ठेवलेलं दिलं होतं. थोड्या वेळाने तिने ती जाहिरात पाठवली. बायनाबाई म्हणाल्या, "वाच."

"नको, आत्याबाई."

"वाच म्हनते ना."

सत्यभामाने वाचलं. "मी एक साधी गृहिणी. घरबसल्या पेन्सिल पॅकिंग करून मी माझं घर उभं केलं. ताई, तुम्हीही या. विश्वास ठेवा." वर बायनाबाईंचं हसू होतं, रुपयाएवढं कुंकू होतं आणि ओंजळीत चोच तुटलेल्या मोराचा करंडा. समोर पेन्सिलींचा ढीग कुणीतरी चिकटवला होता. म्हणजे त्या पहिल्या जाहिरातीतली हसरी बाईसुद्धा अशीच कुणाची तरी सासू असणार, कुणाची तरी आत्या. हे तेव्हा सासू, सून आणि मी, तिघांच्याही ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी शिवशंकर सत्यभामाला घेऊन गेवराईच्या पोलीस ठाण्यात गेला आणि तक्रार दिली. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं. फसवणूक झाल्या-झाल्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला असता तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते, आता फार उशीर झाला, असं तो म्हणाला. एक जाहिरात बंद झाली. आठवड्याभरात तीच दुसऱ्या नावाने आली. मग तिसऱ्या. नातलगांचे फोन येत राहिले, कधी जालन्याकडून, कधी नगरकडून. बायनाबाईंनी मोबाइलची घंटा वाजली की उठून पडवीत जायला सुरुवात केली.

एका दुपारी त्यांनी मला देवळीतून उचललं. आत हळद होती, कुंकू होतं. त्यांनी झाकण उघडून पाहिलंही नाही. स्टुलावर चढून मला या फळीवर ठेवलं आणि पुढे डालड्याचा डबा सरकवला. खाली उतरून त्यांनी स्टूल जागेवर लावलं. "माझ्या कपाळाकडं बघून लोकायनी इश्वास ठिवला," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कोण जाणे, स्वयंपाकघरात मीच होतो. मला त्यांना खूप काही सांगावंसं वाटलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. भांड्याला असं काही होत नाही असं तुम्ही समजत असाल तर ते खरं नाही.

त्याच सुमारास पेन्सिली परत येऊ लागल्या. पहिली वनमालाने आणली. "पोरायनी वापरली न्हाई गं. तूच ठिव," एवढं म्हणून ती ओट्यावर ठेवून गेली. योगिताचं गावात कळलं होतं, आता आपलेही फोटो असेच कुठेतरी फिरत असतील या भीतीने बायांची झोप उडाली होती. वनमालाचं पाहून दुसरीने ठेवली, तिसरीने ठेवली. कुणी उंबऱ्यावर, कुणी तुळशीच्या कट्ट्यावर. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात वाण परत आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सत्यभामाने त्या सगळ्या लाल पेन्सिली गोळा केल्या आणि माझ्याशेजारी, याच फळीवर आणून ठेवल्या. एकीलाही टोक केलेलं नाही.

यंदाची संक्रांत आली. मला वाटलं होतं मी फळीवरच राहीन. पण सकाळी सत्यभामाने स्टूल लावलं आणि मला खाली काढलं. कुंकवाचा दगड झाला होता. तिने तो खरवडला, चिंच लावून मला घासलं, नवं हळद-कुंकू भरलं. सतरंजी अंथरली. बायनाबाई आतल्या खोलीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी नको म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही.

बाया गेल्या समोरून. मला बांगड्यांचे आवाज ऐकू येत होते. काळ्या साड्या, हातात सुगडं, वनमालाचं मोठ्याने बोलणं. आमच्या ओट्यापाशी आलं की बोलणं हलकं व्हायचं आणि पाऊल झपझप पडायचं. पलीकडच्या घरी हसण्याचा आवाज उठला. तिळगुळाच्या ताटावर माशा बसू लागल्या. सत्यभामा प्रत्येक पावलाच्या आवाजाला मान वर करायची आणि पदर सारखा करायची. ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी उंबरा कुणी ओलांडला नाही. मी झळझळीत घासलेला, वाट्या काठोकाठ भरलेल्या, आणि एकही बोट बुडलेलं नाही. अशी संक्रांत मी पाहिली.

दिवेलागणीच्या आधी पायरीवर काठी वाजली. चंद्रभागाबाई आल्या होत्या. शेळ्या बांधून, हातपाय धुऊन, स्वच्छ पातळ नेसून. त्या नेहमीसारख्या पायरीवर बसल्या. सत्यभामाने एकदा रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं. मग तिने मला उचललं आणि थेट त्यांच्यासमोर नेऊन धरलं. माझी झाकणं पुन्हा वाजत होती.

"घ्या मावशी," ती म्हणाली. "मी लावते तुमाला."

इतक्या वर्षांनी मी त्या कपाळासमोर थांबलो होतो. चंद्रभागाबाईंनी आपला खरखरीत हात माझ्या झाकणावर ठेवला आणि ते हळूच बंद केलं.

"न्हाई लेकी," त्या म्हणाल्या. "आज कुनी आलं न्हाई, म्हनून मला देऊ नको. द्यायचंच आसंल तर समद्या बाया बसलेल्या आसतील तवा दे. तवा घीन मी. आज न्हाई."

सत्यभामाचा चेहरा पडला. मला घेऊन ती मागे वळली. तिला वाटलं, आता या उठून जातील.

"आगं, वळली कावून?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "न्हाई म्हनले म्हनून काय उठून चालले मी? बसलेच हाय न्हवं. मला न्हाई म्हनायला कधी भ्या वाटलं न्हाई. तुमाला कुनी शिकिवलंच न्हाई गं ते. तिळगूळ आन."

सत्यभामा मला छातीशी धरून उंबऱ्यातच बसली आणि रडली. वर्षभराचं रडली. आतल्या खोलीत बाज करकरली. बायनाबाई बाहेर आल्या नाहीत, पण त्यांचा आवाज आला, "चंद्रभागा, चहा घेतल्याबिगर जाऊ नको." ती संध्याकाळ तेवढ्यावर संपली. गाडी आली नाही, पैसे आले नाहीत, बाया अजून आलेल्या नाहीत. सत्यभामाने मला पुन्हा डब्यामागे ठेवलं. वाट्यांत कुंकू ताजं आहे, एवढंच.

मित्रांनो, माझी झळाळी आता पुन्हा मंद होते आहे. पण त्या फोटोत मी अजून संक्रांतीच्या दुपारचाच चकचकीत आहे. तिथे मला कुणी डब्यामागे ठेवू शकत नाही. कुठल्या गावात, कुणाच्या हातात मी उघडत असेन, मला ठाऊक नाही.

म्हणून तुमच्यापाशी एक मागणं आहे. तुमच्या आईच्या, ताईच्या, मावशीच्या मोबाइलवर कधी काळ्या इरकलीतली एक म्हातारी दिसली, तिच्या कपाळाला मोठं कुंकू असलं आणि ओंजळीत चोच तुटलेल्या मोराचा करंडा असला, तर तो मी. ती आमची बायनाबाई. ती तुम्हाला बोलावत नाही, आणि मीही नाही. आमच्या हसण्यावर भुलू नका. काम खरं असेल तर कामाच्या आधी पैसे कशाला लागतील? कंपनी कुठल्या गावची ते विचारा. उत्तराऐवजी 'ताई, जागा भरत आल्या' असं ऐकू आलं तर तिथेच थांबा. शिक्का मोठा दिसला म्हणून आधार कार्ड, पासबुक आणि आपलं तोंड कुणाच्या हाती देऊ नका. आणि कुणी फसलंच तर लाजून गप्प बसू नका, त्याच घडीला १९३० ला फोन लावा. आमच्या घरी तेवढंच करायचं राहून गेलं.

आणि समजा, ते बोलावणं कुणा परक्याकडून आलं नाही, अगदी जवळच्या, लाडक्या माणसाने तुमच्या पदरात घातलं, तरीही माझ्या झाकणावर हात ठेवून 'नाही' म्हणा. मला वाईट वाटणार नाही. फक्त 'नाही' म्हटल्यावर तिथून उठून जाऊ नका. जिला नाही म्हणालात, तिच्यापाशी थोडा वेळ बसा.